न चाललेली वारी आणि श्रद्धेचे स्वरूप



ज्येष्ठ वद्य अष्टमीचा दिवस आळंदीत कसा असतो, हे आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे. इंद्रायणीचे दोन्ही काठ माणसांनी फुलून गेलेले असतात. टाळ-मृदंगाच्या गजरात पावले खेळली जातात. समाधी मंदिराचा कळस हलला की माउली निघाल्या, अशी वारकऱ्यांची भावना असते आणि त्या क्षणाकडे हजारो डोळे लागलेले असतात. तिथून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी अशी पायांखालून जाते. घरात कोणाचे आजारपण असो, पेरणी लांबलेली असो, वारी चुकत नाही. वारी चुकणे हे वारकऱ्याला आप्ताच्या वियोगाइतकेच दुःखद वाटते.

२०२० च्या ज्येष्ठात मात्र हा काठ रिकामा होता. कोरोनाची साथ पसरली होती. मार्च महिन्यापासून पंढरपूरचे मंदिर दर्शनासाठी बंद होते. शासन आणि पालखी सोहळ्यांचे प्रमुख यांच्या विचारविनिमयातून पायी सोहळा रद्द झाला. मोजक्या लोकांच्या उपस्थितीत प्रस्थान झाले आणि पादुका आळंदीतच मुक्कामाला राहिल्या. आषाढ शुद्ध दशमीला, ३० जूनला, फुलांनी सजवलेल्या एस. टी. बसमधून त्या पंढरपूरला नेण्यात आल्या. दुसऱ्या दिवशीची आषाढी एकादशी वारकऱ्यांनी आपापल्या घरी केली. २०२१ सालीही पादुका बसनेच गेल्या. सलग दोन वर्षे लक्षावधी पावले जागच्या जागी थांबली.

त्या काळात दोन प्रकारचे सूर ऐकू येत होते. एक सूर उपहासाचा होता : संकटात तुमचा देव कुठे गेला? दुसरा सूर त्वेषाचा होता : श्रद्धा खरी असेल तर रोगाला भ्यायचे कारण काय? चालू लागा, विठ्ठल बघून घेईल. हे दोन्ही सूर परस्परविरोधी वाटतात. पण दोघांच्या मुळाशी समजूत एकच आहे. श्रद्धा म्हणजे देवाशी केलेला एक करार आहे आणि भक्ताने आपला वाटा उचलला की देवाने त्याचा वाटा उचललाच पाहिजे, ही ती समजूत. पहिल्याला वाटते, देवाने करार मोडला. दुसऱ्याला वाटते, देवाला करार पाळायला भाग पाडता येईल.

आणि तरीही सामान्य वारकरी या दोन्ही सुरांत सामील झाला नाही. तो घरी थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, पण विश्वास ढळला नाही. हे त्याला कसे साधले? या प्रश्नाच्या निमित्ताने श्रद्धा म्हणजे काय आणि ईश्वराच्या आज्ञेत राहणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करू.

श्रद्धेची प्रत

‘श्रद्धा’ या शब्दात दोन घटक आहेत : ‘श्रत्’ आणि ‘धा’. यास्काचार्यांनी ‘श्रत्’चा अर्थ सत्य असा सांगितला आहे; ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे. जे सत्य म्हणून उमगले त्याच्या ठायी स्वतःला ठेवणे ही श्रद्धा. या अर्थात मागणीला जागा नाही, भीतीलाही नाही. ठेव ठेवणारा स्वतःला ठेवतो आहे आणि परतीची मुदत ठरवत नाही.

गीतेचा सतरावा अध्याय श्रद्धात्रयविभागयोग या नावाने ओळखला जातो. श्रद्धा ही नुसती ‘असणे’ किंवा ‘नसणे’ एवढीच गोष्ट नाही, तिला प्रत आहे, हे तिथे भगवंतांनी स्पष्ट केले आहे. सात्त्विक, राजस आणि तामस असे तिचे तीन प्रकार आहेत आणि माणूस ज्या प्रतीची श्रद्धा धरतो त्याच प्रतीचा तो घडत जातो. फळावर डोळा ठेवून किंवा दिखाव्यासाठी केलेला यज्ञ राजस ठरतो. शरीराला हट्टाने पीडा देऊन, दंभाने केलेले तप आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. उग्रपणा म्हणजे उत्कट भक्ती, असा आपला जो समज असतो, त्याला इथे थेट धक्का बसतो.

आपल्या घराघरांतील नवसाकडे या दृष्टीने पाहावे. मुलाला नोकरी लागली की अभिषेक, दुखणे बरे झाले की पायी दर्शन. आर्त माणसाने देवाला हाक मारण्यात गैर काहीच नाही. गीतेनेही आर्ताला भक्तांमध्येच गणले आहे आणि त्याला उदार म्हटले आहे. पण हाक मारणे निराळे आणि अटी घालणे निराळे. लेकरू आईला हाक मारते. अट घालते ते गिऱ्हाईक. काम झाले नाही म्हणून जी श्रद्धा उडून जाते, ती मुळात श्रद्धा नव्हतीच. तो एक व्यवहार होता आणि तो फसला.

प्रश्न आणि होकार

आज्ञापालन म्हटले की सुशिक्षित मन थोडे बिचकते. ज्याने आज्ञा पाळायची त्याने विचार करणे सोडले पाहिजे, असा एक समज आहे. आपल्या परंपरेतील श्रद्धेच्या सर्वांत तेजस्वी कथा मात्र प्रश्नांनी भरलेल्या आहेत.

कठोपनिषदातला नचिकेता आठवावा. पिता विश्वजित यज्ञ करतो आहे, सर्वस्वाचे दान द्यायचे आहे, आणि दानात निघाल्या आहेत म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा दूध देण्याची शक्यता नसलेल्या गाई. ते दृश्य पाहून त्या लहान मुलाच्या मनात श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषद सांगते. श्रद्धा मनात शिरल्यावर त्या मुलाने काय केले? तो गप्प बसला नाही. मला कोणाला देणार, असे त्याने वडिलांना विचारले. एकदा नव्हे, तीनदा. यज्ञातला खोटेपणा त्याला दिसला आणि श्रद्धेनेच त्याला बोलते केले. अश्रद्ध मुलाला त्या गाईंचे काहीच वाटले नसते.

पण कथा इथे थांबत नाही. संतापलेला पिता म्हणाला, तुला मृत्यूला दिले. नचिकेत्याने तो शब्द प्रमाण मानला आणि तो यमाच्या दारी गेला. तीन रात्री तो तिथे अन्नावाचून राहिला. यमाने तीन वर देऊ केले तेव्हा पहिला वर त्याने वडिलांच्या मनःशांतीसाठी मागितला. ज्या पित्याला त्याने प्रश्न विचारला, त्याच पित्याचे मन निवावे ही त्याची पहिली इच्छा. पुढे मरणानंतरचे रहस्य विचारल्यावर यमाने धन, दीर्घायुष्य, राज्य अशी सारी प्रलोभने दाखवली, तरी तो ढळला नाही. विचारण्याचे धैर्य आणि शब्द पाळण्याचे धैर्य एकाच मुलाच्या अंगी नांदत होते.

गीतेची रचनाही अशीच आहे. अर्जुन पहिल्या अध्यायात शस्त्र खाली ठेवतो आणि पुढे वारंवार शंका विचारतो. भगवंत कुठेही त्याला, तू प्रश्न का विचारतोस, असे म्हणून दटावत नाहीत. सातशे श्लोकांचा हा संवाद संपत येतो तेव्हा ते त्याला सांगतात की, हे सारे पूर्णपणे विचारात घे आणि मग तुला वाटेल तसे कर. सर्वसमर्थ भगवंत भक्ताला निर्णयाचे स्वातंत्र्य देतात. त्यानंतर शरण येण्याचे आवाहन होते, आणि त्याहीनंतर अर्जुन आपला संदेह फिटल्याचे सांगून भगवंतांच्या शब्दाप्रमाणे वागण्याचे वचन देतो. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी स्वातंत्र्य, मग शरणागती. ज्याला नकार देण्याची मोकळीक आहे, त्याच्याच होकाराला मोल आहे.

हेच तत्त्व वारकऱ्यांनी रोजच्या शिस्तीत कसे उतरवले आहे, ते पालखीच्या मुक्कामी पाहावे. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडील आरफळच्या हैबतबाबांनी. रोज संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारोंचा जमाव क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर त्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकले जाते, त्याचे निवारण होते आणि त्यानंतरच आरती सुरू होते. एका दिंडीच्या टाळासाठी सारा सोहळा थांबतो. आज्ञापालन असे असते. तिथे गाऱ्हाण्याला जागा आहे, ते ऐकण्याची रीत आहे, आणि ऐकून झाल्यावर सर्वांनी मिळून धरलेले मौनही आहे.

आज्ञा कोणाची?

एक शंका कोणीही घेईल. ईश्वराची आज्ञा म्हणून आजवर कितीतरी गोष्टी माणसांवर लादल्या गेल्या. त्या साऱ्या मानायच्या काय?

या शंकेचे उत्तर पंढरपूरच्या महाद्वारातच आहे. संत चोखामेळा हे विठ्ठलाचे निस्सीम भक्त. पण जन्माच्या कारणावरून त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. चौदाव्या शतकात मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत अंगावर कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. चोखोबांनी विठ्ठलावरची निष्ठा सोडली नाही, आणि आपल्यावरचा अन्याय देवाच्या कानी घालायलाही ते कचरले नाहीत. दार बंद ठेवणारी रूढी आणि दाराआडचा देव यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही. ती गल्लत आपल्या समाजाने केली, आणि शतकानुशतके केली.

ते दार उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. त्या वेळीही धर्म बुडाल्याची ओरड झाली होती. धर्म बुडाला नाही. समाजाच्या कपाळीचा एक डाग पुसला गेला. ईश्वराची आज्ञा ओळखण्याची एक खूण यातून हाती लागते. जी आज्ञा माणसाला माणसापासून तोडते आणि पाळणाऱ्याचा अहंकार वाढवते, ती देवाची असण्याचा संभव फार थोडा. जी आपल्याला झिजायला लावते आणि दुसऱ्याला जवळ आणते, तिच्याकडे कान द्यावा.

देणे थांबते तेव्हा

श्रद्धेची खरी कसोटी लागते ती मागितलेले मिळत नाही तेव्हा. तुकोबारायांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. इ. स. १६२९-३० च्या सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. देहूतील हे सुखवस्तू घराणे त्यात होरपळून निघाले. व्यापार बसला, गुरेढोरे गेली. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. घरात पिढ्यानपिढ्या विठ्ठलाची उपासना होती, वारी होती. करार असता, तर तो मोडून टाकायला याहून सबळ कारण कोणते?

तुकोबांनी काय केले? पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. घरात सावकारीची कर्जखते होती; धाकट्या भावाचा, कान्होबांचा हिस्सा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळाने गावातील सगळेच ऋणको नागवले गेले होते. त्यांच्या माना मोकळ्या झाल्या. स्वतःवर आलेल्या आपत्तीतून त्यांनी देवाविरुद्ध फिर्याद तयार केली नाही, दुसऱ्याच्या आपत्तीकडे पाहण्याची दृष्टी मिळवली. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस ते नदीकाठी धरणे धरून बसले आणि वह्या तरल्या, असे परंपरा सांगते. आपण त्या तरण्याचाच चमत्कार सांगत राहतो. पण वह्या तरतील हे ठाऊक नसताना काढलेले ते तेरा दिवस, श्रद्धा तिथे आहे.

वैष्णव आगमांत शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत : देवाला अनुकूल ते करण्याचा संकल्प, प्रतिकूल ते टाळणे, तो रक्षण करील हा विश्वास, रक्षक म्हणून त्याचा स्वीकार, स्वतःला त्याच्या हाती सोपवणे आणि आपल्या असमर्थतेची नम्र जाणीव. या यादीत पहिली दोन अंगे कृतीची आहेत, हे सहज नजरेतून सुटते. शरण जाणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, हा समज त्या दोन अंगांपुढे टिकत नाही. आपल्या वाट्याचे काम नेटाने करायचे आणि परिणामाचे ओझे त्याच्यावर टाकायचे. दुखणाइताने औषध घ्यायचे, शेतकऱ्याने वेळेवर पेरायचे, विद्यार्थ्याने अभ्यास करायचा. त्यापुढचे त्याचे.

विटेवरचा देव

आता पुन्हा त्या रिकाम्या आळंदीकडे येऊ. वारकऱ्याने वारी सोडली, ती श्रद्धा कमी पडली म्हणून काय?

उत्तर विठ्ठलाच्या पायाखालीच आहे. पंढरपूर वसले ते पुंडलिकाच्या कथेवर. आईवडिलांची सेवा चालू असताना साक्षात भगवंत दारी आले. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. हाताशी असलेली वीट पुढे सरकवून त्याने देवाला थांबायला सांगितले, आणि देव थांबले. ते आजतागायत कटेवर कर ठेवून उभे आहेत. दारी आलेल्या देवाला थांबवणारा हा भक्त देवाने अपमान मानून दूर लोटला नाही. उलट त्याच्या सेवेने देव प्रसन्न झाले. आज चंद्रभागेच्या पात्रात पुंडलिकाचे मंदिर आहे.

पैठणच्या नाथबाबांचीही कथा आठवते. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची, हे महापुण्याचे कृत्य. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि एकनाथांनी ती गंगा त्याच्या मुखात ओतली. ठरलेला विधी अपुरा राहिला, आणि रामेश्वराला तो तिथेच पावला, असा नाथांचा विश्वास होता.

ज्या परंपरेचा पाया पुंडलिकाने घातला, तिच्या लेकरांना २०२० साली काय करायचे, हे बाहेरून कोणी शिकवण्याची गरज नव्हती. घरात वृद्ध आईवडील होते. वाटेवरच्या गावांत, जिथे दरवर्षी वारकऱ्यांना भाकरी आणि पाणी मिळते, तिथेही लेकुरवाळी घरे होती. आपल्या पायांबरोबर रोग त्यांच्या दारी जाऊ नये म्हणून चालणे थांबवणे ही त्या वर्षीची वारी होती. वारकऱ्याने देवाला पुन्हा एकदा विटेवर थांबायला सांगितले, आणि ते सांगण्याचा अधिकार पुंडलिकाने त्याला केव्हाच देऊन ठेवला आहे. वारीवरचे प्रेम ज्याचे सर्वांत गाढ, त्याला थांबणे सर्वांत जड गेले असणार. आज्ञापालनाचे मोल त्या जड जाण्यात आहे. आवडते ते देवाच्या नावाने करणे सोपे असते. त्याच्याच नावाने आवडते ते सोडणे कठीण.

जून २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. दिवेघाटात पुन्हा भगव्या पताका दिसल्या, रिंगणात अश्व धावले, चोपदारांचा चोप उंचावला आणि तळावर शांतता पसरली. दोन वर्षांत हरपलेल्यांच्या जागा दिंड्यांमध्ये रिकाम्या होत्या. त्या जागांचा हिशेब देवाला विचारावासा वाटणारी मनेही त्या गर्दीत नक्कीच होती. विचारावे. टाळ वाजत ठेवावा. तो ऐकला जातो, ही या परंपरेची ग्वाही आहे.

सज्जनहो, आपल्या मुलांना आपण देवापुढे हात जोडायला शिकवतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर एवढे आणखी शिकवावे की, जोडलेले हात मागण्यासाठी जसे असतात तसे स्वतःला सोपवण्यासाठीही असतात. परीक्षेच्या सकाळी देवाला नमस्कार करताना, मला पहिला नंबर दे, असे म्हणणाऱ्या मुलाला, मला माझे काम नीट करू दे, असे म्हणायला शिकवावे. निकाल मनासारखा लागला नाही तर त्याने संध्याकाळी त्याच देवापुढे पुन्हा दिवा लावावा, आणि मनात रुसवा असेल तर तोही तिथेच बोलून दाखवावा. आणि घरात आजी आजारी असेल, त्या दिवशी देवदर्शन चुकले तर चुकू द्यावे; तिच्या उशाशी बसावे, तिला औषध द्यावे. देव थोडा वेळ थांबेल. थांबण्याची त्याला सवय आहे.